कोटाचा आतला खिसा

आमच्या बसमध्ये बावीस माणसं होती आणि त्यातली एकवीस बावळट होती. हे मी रागाने म्हणत नाही. सांगलीच्या कॉलेजात तेहतीस वर्षं फिजिक्स शिकवलं की समोरच्याच्या डोक्यात किती प्रकाश आहे ते एका नजरेत कळतं. सांगली ते लिस्बन एवढ्या प्रवासात आवटींनी पासपोर्ट तीनदा हरवला आणि तिन्ही वेळा तो त्यांच्याच बनियनला शिवलेल्या चोरखिशात सापडला. तो खिसा सौ. आवटींनी इतका खोल शिवला होता की विमानतळावर भर रांगेत या गृहस्थांना सदरा वर करून पोट दाखवावं लागलं. इनामदार वहिनींनी पर्सच्या चेनला अकरा सेफ्टी पिना लावल्या होत्या. बाईंना ठसका लागला तरी पाण्याची बाटली निघेपर्यंत ठसका आपोआप थांबायचा.

अशा लोकांच्या जिवावर जगातले खिसेकापू पोसले जातात, आणि खुशाल पोसले जावेत असंच माझं मत होतं. पण निघण्याआधी टूर मॅनेजर संपदा पोळ मला म्हणाली, "सर, सेफ्टीचं तेवढं तुम्ही बघाल का? तुमचं सगळे ऐकतात." ऐकतात हे खरं होतं. शिवाय बसमधली निम्मी माणसं आमच्या विवेक मंडळाची होती आणि मी मंडळाचा अध्यक्ष. म्हणून बावीसच्या बावीस जणांना मी जागल्या घ्यायला लावला.

जागल्या म्हणजे साबणाच्या वडीएवढं यंत्र. ते पट्ट्याने कमरेला लावायचं. पुण्याच्या एका कंपनीने काढलं आणि दोन वर्षांत जगभर गेलं. त्यातलं विज्ञान समजायला सोपं आहे, तरी मला ते बसमध्ये चारदा समजावून सांगावं लागलं. हृदयाचा ठोका पडला की छातीची कातडी केसभर पुढे येते. जागल्या अतिशय आखूड रेडिओ लहरी सोडत राहतो. त्या कपड्यांतून आरपार जातात, कातडीवर आपटून परत येतात, आणि परत आलेल्या लहरींत ती केसभर हालचाल उमटलेली असते. म्हणजे दोन मीटरच्या आत आलेल्या कुणाचीही नाडी हात न लावता कळते. तसंच हाताचं. मेंदूने हुकूम सोडला की बोटं हलायच्या थोडी आधी मनगटाचे स्नायू ताठरतात, तेही लहरींना दिसतं. तिसरी गोष्ट यंत्राच्या छोट्या कॅमेऱ्याला दिसते: नजर खिशावर आणि चेहरा भलतीकडे. या तिन्हींचा मिळून शून्य ते शंभर असा एक आकडा निघतो. ऐंशीच्या वर गेला की यंत्र कानठळ्या बसतील अशी शिट्टी मारतं.

शिट्टीवर भागत नाही. त्या माणसाच्या चेहऱ्याची आणि चालीची खूण त्याच क्षणी शहरातल्या सगळ्या जागल्यांकडे जाते. मग तो जिथे जाईल तिथे लोकांच्या कमरेला टिकटिक सुरू. दुकानांच्या, ट्रामच्या, म्युझियमच्या दारांवरही हीच यंत्रं बसवलेली, यादीतल्या माणसाला ती दारं उघडतच नाहीत. यादीतून नाव काढायचं तर ज्याच्या खिशात हात गेला त्याने पोलिसांकडे जाऊन जबाब द्यायचा, की तो हात माझ्या संमतीने आला होता. हा जबाबही यंत्रापुढेच द्यायचा, म्हणजे थाप मारायची सोय नाही.

"लक्षात ठेवा," मी रोज सकाळी बसच्या माईकवरून सांगायचो, "यंत्राला चोर ओळखता येत नाही. जो हात कुणाला कळू नये म्हणून पुढे येतो, तो ओळखता येतो. आणि चांगलं काम कुणी लपून करतं का?" सगळे माना डोलवायचे. त्यात आमची माणसं तरबेज आहेत.

यंत्रात 'घरचे' म्हणून एक सोय होती. ज्यांची नावं त्यात घालाल त्यांच्याकडे जागल्या लक्ष देत नाही. निघायच्या आठवडाभर आधी मी सवय व्हावी म्हणून घरातही यंत्र लावून फिरत होतो. बॅगा भरता भरता माझी बायको वृंदा म्हणाली, "अहो, मला घाला ना त्यात."

"कशाला? तुला माझ्या खिशात हात घालायचाय?"

"तसं नाही हो."

"मग झालं तर. विज्ञानात घरचं-दारचं असं काही नसतं."

हातातल्या सदऱ्याची घडी मोडून तिने पुन्हा पहिल्यापासून घातली.

विमानात बसल्यावर मी सवयीने कोटाचा आतला खिसा चाचपला. रिकामा होता. मग लिस्बनला पोहोचेपर्यंत माझी चिडचिड होत राहिली. एअर होस्टेसवर झाली, आवटींवर झाली, वृंदावर तर झालीच.

तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही जुन्या शहराच्या चढावर जाणाऱ्या पिवळ्या ट्राममध्ये चढलो. ट्राम खच्चून भरलेली. माझ्या मागे कोण, पुढे कोण काही कळत नव्हतं. वळणावर सगळे एका अंगाला कलंडले आणि त्याच क्षणी माझ्या कमरेला शिट्टी झाली. खिशात शिरलेला हात मी मनगटाला धरला, वर उचलला आणि मान वळवायच्या आधीच ओरडलो, "पकडला! चोर पकडला!"

मनगटात हिरव्या बांगड्या होत्या.

जागल्याच्या पट्टीवर एक्क्याण्णव आकडा दिसत होता. वृंदाची मूठ घट्ट मिटलेली होती आणि ती माझ्याकडे बघत नव्हती. सगळी ट्राम आमच्याकडे बघत होती. आवटी म्हणाले, "अहो वहिनी, मागितलं असतं तर सरांनी दिलं नसतं का?" कुणीतरी खुदकन हसलं. पण मग कमरेकमरेला टिकटिक सुरू झाली, एकामागून एक, आणि हसणाऱ्यांनीच आपापल्या पर्सा पुढे ओढल्या. इनामदार वहिनींनी अकरा पिना हाताने तपासल्या. त्या वहिनींना मागच्या उन्हाळ्यात टायफॉइड झाला तेव्हा महिनाभर वृंदाने डबा पोचवला होता.

हॉटेलच्या खोलीत आल्यावर मी दार लावलं. "काय होतं हातात?"

तिने मूठ उघडली. कॅलेंडरच्या कागदाची, नखाएवढ्या घडीची पुडी. घामाने ओली झालेली.

"वाडीचा अंगारा," ती म्हणाली. "घरी ठेवता आली नाही, तुम्ही ते यंत्र काढतच नव्हता, आंघोळीला काढलंत तरी कोटावरच ठेवायचात. मला वाटलं, गर्दीत त्याला कळणार नाही."

नरसोबाच्या वाडीचा अंगारा, विवेक मंडळाच्या अध्यक्षाच्या खिशात! माझं सगळ्यात गाजलेलं भाषण म्हणजे 'खिशातला देव'. त्यात नवऱ्याच्या खिशात पुड्या कोंबणाऱ्या बायकांची मी अशी टर उडवतो की लोक खुर्च्यांवरून पडायचे बाकी राहतात. वृंदा दर वेळी पहिल्या रांगेत बसलेली असते.

"मग ट्राममध्ये सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू? आवटींच्या तोंडात तीळ भिजत नाही. आपण परत जायच्या आत अख्ख्या सांगलीला कळलं असतं. इतक्या वर्षांचं तुमचं नाव. मला चोर म्हणाले तर म्हणू देत, दोन दिवसांत विसरतील."

यावर मी काय म्हणावं? मी म्हणालो, "बरं झालं बोलली नाहीस."

आयुष्यात मी बरीच भाषणं केली. या चार शब्दांइतकं नीच काही बोललो नसेन. पण त्या वेळी मला सुटल्यासारखं वाटलं, हेही खरं आहे.

जबाब द्यायचं मी उद्यावर ढकललं. दुसऱ्या दिवशी नाश्त्याला वृंदा बशी घेऊन आमच्या टेबलाशी आली आणि टेबलाभोवती सात यंत्रं टिकटिकली. सौ. आवटी गोड आवाजात म्हणाल्या, "वहिनी, तिकडे खिडकीशी छान ऊन आहे बघा." वृंदा खिडकीशी गेली. एकही जण तिच्याबरोबर उठला नाही, आणि त्यांच्यात मी होतो. अंड्यात मीठ कमी आहे असं काहीतरी मी बोललो.

नंतर जुन्या फरशांचं म्युझियम होतं. एकवीस माणसं आत गेली. दाराने वृंदाला घेतलं नाही. संपदा माझ्याकडे बघत म्हणाली, "सर, तुम्ही थांबताय ना मॅडमबरोबर?"

"तिकीट काढलंय ना," मी म्हणालो आणि आत गेलो.

तीन तास निळ्या फरशा बघितल्या. एकही आठवत नाही. बाहेर आलो तेव्हा वृंदा पायऱ्यांवर उन्हात बसली होती. पर्स मांडीवर सताड उघडी. दोन्ही हात गुडघ्यांवर, तळवे वर करून ठेवलेले, येणाऱ्या-जाणाऱ्याला नीट दिसतील असे. शेजारून कुणी गेलं, टिकटिक झाली, की ती बोटं आणखी पसरायची. तिला मी तिथे तसं किती वेळ बसवून ठेवलं होतं हे तिने सांगितलं नाही. मला घड्याळ बघायची गरज नव्हती.

"चल," मी म्हणालो. "पोलिसांकडे जायचंय."

जबाबाला सोबतच्या मंडळींपैकी दोन साक्षीदार लागतात असं कळलं. संपदा आली. दुसरे आवटी आले, कारण फुकटात काही बघायला मिळणार असलं की ते येतातच.

पोलीसबाईचं नाव मार्टा. पन्नाशीची, जाड चष्म्याची. ती संत्रं सोलत होती आणि आम्हाला बघून तिने ते बाजूला ठेवलं नाही. टेबलावर भाषांतराचं यंत्र होतं, त्याचं मराठी कुणा जुन्या पंतोजींकडे शिकल्यासारखं. "आज आपण नववे," ते यंत्र तिच्या वतीने बोललं. "काल एक युवक आणला गेला. तो प्रेयसीच्या थैलीत अंगठी ठेवीत होता. परवा एक माता, पुत्राच्या खिशात औषध ठेवीत होती."

"आणि चोर?" मी विचारलं.

मार्टा हसली. त्या हसण्यात आम्हा सगळ्या प्रवाशांविषयी जी काय किंमत होती ती मला ओळखीची वाटली. मी वर्गात तसाच हसायचो. "चोर श्वासाचा अभ्यास करतात. तीन महिन्यांत त्यांची नाडी झोपलेल्या मांजरासारखी होते. व्यावसायिक मनुष्य स्वतःच्या कामास का घाबरेल? घाबरतो तो नवखा. आपल्या यंत्रास केवळ नवखे सापडतात."

आवटी खाकरले. "सर, रागावणार नसाल तर... माझा फोन पहिल्याच दिवशी गेला. जागल्यावर आकडा सहा होता. तुम्ही ओरडाल म्हणून बोललो नाही."

मार्टाने एक पट्टी माझ्याकडे वळवली, तिच्यावर आकडा उमटणार होता. यंत्राने विचारलं, "आपल्या खिशात आलेल्या हस्तास आपली अनुमती होती काय?"

"ती माझा रुमाल ठेवत होती," मी म्हणालो.

अठ्ठ्याऐंशी. मार्टाने संत्र्याची फोड तोंडात टाकली.

"अनुमती होती. नवरा-बायकोत असतेच."

एकाहत्तर. "अर्ध्या सत्यास आम्ही शिक्का देत नाही," यंत्र म्हणालं. "पत्नी यादीत राहील. परतीच्या विमानाचे द्वारही तिला उघडणार नाही."

वृंदा भिंतीशी बसली होती. तिने हळूच मान हलवली, राहू दे म्हणून. आवटी खुर्चीच्या अगदी कडेला येऊन बसले होते. उद्या सांगलीत काय सांगायचं याची त्यांची जुळवाजुळव त्यांच्या चेहऱ्यावर चालली होती, आणि मला माझ्या भाषणांतले हशे ऐकू येत होते.

"ती अंगाऱ्याची पुडी ठेवत होती," मी म्हणालो. "आणि मला ते माहीत आहे. अठ्ठावीस वर्षं माहीत आहे. पहिली पुडी मला दिल्लीच्या परिषदेत सापडली. टाकायला कचऱ्याच्या डब्यापर्यंत गेलो आणि परत खिशात ठेवली. तेव्हापासून कुठेही निघालो की आधी आतला खिसा चाचपतो. पुडी हाताला लागली की बरं वाटतं. घरी आल्यावर कोट तिच्याकडे धुवायला देतो, आणि मला काही माहीत नाही असं दाखवतो. या वेळी खिशात पुडी नव्हती. निघाल्यापासून मी सगळ्यांवर खेकसतोय तो त्यामुळे."

नऊ.

"पुडीत काय असते?" मार्टाने विचारलं.

"राख."

"तिने काय घडते?"

"काहीही घडत नाही. हे मी कुठल्याही व्यासपीठावर सांगेन."

चार. तो दिवसातला सगळ्यात कमी आकडा होता. मार्टाने पट्टीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, वृंदाकडे जरा जास्त वेळ बघितलं आणि शिक्का मारला.

बाहेर आल्यावर मला वाटलं होतं, वृंदा रडेल किंवा हात तरी धरेल. ती चार पावलं पुढे चालत होती. मी गाठलं तेव्हा म्हणाली, "म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"आणि 'खिशातला देव'मधला तो पुडीचा विनोद? दर वेळी माझ्याकडे बघून करायचात तो?"

"अगं, सभेत चालतं तसं..."

"मी हसायचे. तुम्हाला माहीत नाही, मग तुमचं काय चुकतं, असं म्हणून हसायचे. पहिल्या रांगेत बसून." ती थांबली. "तुमच्यापेक्षा ते यंत्र बरं. कुणी काही लपवलं की निदान ओरडतं तरी."

एवढं बोलून ती संपदाबरोबर चालायला लागली. तिचं नाव यादीतून गेलं होतं, ट्रामचं दार लगेच उघडलं. आवटी माझ्या शेजारी उभे होते. पुढचे चार दिवस त्यांनी यातलं एक अक्षरही बसमध्ये फोडलं नाही; हा माणूस एवढं पोटात ठेवू शकतो हे मला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून मी एक उद्योग सुरू केला. जागल्या बॅगेत टाकला. आंघोळीला जाताना कोट मुद्दाम खुर्चीवर टांगायचा, आतला खिसा वृंदाच्या बाजूला येईल असा. बाथरूममध्ये गरजेपेक्षा दहा मिनिटं जास्त घालवायची. बाहेर येऊन, तिचं लक्ष नाही असं बघून, खिसा चाचपायचा. पहिल्या दिवशी रिकामा. दुसऱ्या दिवशी रिकामा. तिसऱ्या दिवशी घडीसारखं काहीतरी हाताला लागलं, घाईने उलगडून बघितलं, तर तो माझाच रुमाल होता. इतकी वर्षं मी लोकांना हसलो, त्यांच्यातला कुणी न्हाणीघरात लपून आपल्याच कोटावर पाळत ठेवून बसला नसेल.

चौथ्या दिवशी अंग पुसून झालं तरी मी नळ तसाच सोडून उभा होतो. दाराबाहेरून आवाज आला.

"पाणी वाया घालवू नका. खिशात काही नाहीये आणि मी ठेवणारही नाही. हवी असेल तर मागा."

मी दार किलकिलं केलं. "बरं. दे."

"इथे नाही. ज्यांच्यापुढे टर उडवलीत त्यांच्यापुढे मागा. तुमच्या मंडळाची निम्मी माणसं बसमध्ये आहेत, आणि माईकही आहे."

"वृंदा, काहीतरीच काय!"

"मग राहिलं," ती म्हणाली आणि बॅग ओढत खाली गेली.

बस सुटायच्या वेळी संपदाने रोजच्यासारखा माईक माझ्या हातात दिला. सगळ्यांनी सवयीने कमरेचे पट्टे सरळ केले. इनामदार वहिनी पिना मोजायला लागल्या. एकवीस चेहरे. त्यातला एक तिसऱ्या रांगेत खिडकीबाहेर बघत होता.

"आज सूचना नाही," मी म्हणालो. "वृंदा, माझी पुडी दे. अंगाऱ्याची. इतकी वर्षं तू ठेवत आलीस आणि इतकी वर्षं मी ती मुकाट्याने वागवत आलो. तिच्याशिवाय मला चैन पडत नाही."

आधी कुणालाच कळलं नाही. मग आवटींचं कोंडून ठेवलेलं हसू फुटलं आणि मागची सगळी बस हसायला लागली. मंडळाचे कार्यवाह देशिंगकर डोळे पुसत होते. माझ्या भाषणातही इतका हशा कधी पडला नव्हता. मी माईक धरून तसाच उभा राहिलो.

वृंदा उठली. घाई न करता बसच्या मधल्या वाटेने माझ्यापर्यंत आली. माईक माझ्या हातातच होता, तिने माझं मनगट धरून तो स्वतःकडे वळवला.

"राखेने काय होतं?" तिने विचारलं.

"काही होत नाही."

"मग?"

"तू ठेवलेली असते."

हसणं कधी थांबलं ते कळलं नाही. तिने पर्स उघडली, पुडी सगळ्यांना दिसेल अशी वर धरली, माझ्या कोटाची बाजू उघडून आतल्या खिशात खोल सारली आणि वरून दोनदा थोपटली. आम्ही दोघं सोडून बसमध्ये जागल्या लावलेली वीस माणसं होती. एकाच्याही कमरेला टिकटिक झाली नाही.

"बसा आता," ती म्हणाली. "ड्रायव्हर खोळंबलाय."